बाहेरची कडी

संत तुकाराम नगर, पिंपरी
२ जुलै १९७८

कस्तुराआक्का,

जयभीम. तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसले आहे, म्हणजे मागाहून पोस्टमनच्या नावानं बोटं मोडायला नकोत.

आईच्या पुण्यानुमोदनाला मी आले, तर तू माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत बसलीस. कुणीतरी म्हणालं, "धाकटी आली वाटतं." त्यावर तू म्हणालीस, "मांजराला सवड मिळाली आसंल." ऐकलं मी. माझे कान अजून शाबूत आहेत. आमचे हे मात्र तुझ्या अंगणात सतरंज्या अंथरत होते, म्हाताऱ्यांना पाणी देत होते आणि सगळं निघोजे गाव म्हणत होतं की जावई असावा तर जयसिंगरावांसारखा. संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी मला परत आणलं. तुझ्याशी चार शब्द बोलायचे होते ते तसेच राहिले.

म्हणून लिहिते. बारा जूनला रंगरावदाजी एवढी सायकल मारत आले, खाली उभे राहून म्हणाले, "आई लई बेजार हाय, आत्ताच्या आत्ता चल." मी गॅलरीतून सांगितलं की मांजरी अडली आहे, उद्या सकाळी येते. दिवेलागणीला आई गेली. तू म्हणतेस मी आईला मांजरापायी टाकलं. पण शेवंताला त्या दिवशी पहाटेपासून कळा येत होत्या गं. दोन पिल्लं झाली होती आणि तिसरं आडवं आलं होतं. मी हातावर तेल घेऊन बसले होते. जित्या जिवाला तसं सोडून कसं निघणार?

तुला मांजर म्हणजे कणगीपाशी उंदीर धरणारं. हे तसलं नव्हे. कंपनीच्या बंगल्यावर मी कामाला होते, त्या जर्मन मॅडमनं देश सोडताना ही माझ्या हवाली केली. सयामी जात. अंग सायीसारखं, तोंड-कान-पाय-शेपूट काळं आणि डोळे निळे. कॉलनीतल्या बायका म्हणतात, तोंड काळं करून आली आहे. म्हणोत. मॅडम तिला लोटे म्हणायची, पण त्या नावानं हाक मारली की मला पाण्याचा लोटाच आठवायचा, म्हणून मी शेवंता केलं. हिची पिल्लं जन्मतात ती पांढरीफेक. काळं मागाहून चढतं. पहिल्या खेपेला एक बाई मला म्हणाली, "काय हो, डांबर फासून देता का?"

मॅडमनं वही लिहून घेतली माझ्याकडून. वर्षाला एकच वेत. बारा आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडायचं नाही. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, आणि ज्याला नकोसं झालं त्यानं ते माझ्याकडेच आणून सोडायचं. चार वर्षं मी हे पाळते आहे. मला मूलबाळ नाही, हे एवढंच मी नीट करते. तू त्याला मांजराचं खूळ म्हणतेस.

रागाव, पण उत्तर दे.

तुझी,
प्रभा


३० जुलै १९७८

आक्का,

कार्ड मिळालं. तीन शब्दांचं. "मांजरीलाच आई म्हण." बाकी अख्खं कार्ड कोरं सोडलंस! तेवढ्या जागेत आणखी चार शिव्या बसल्या असत्या. तुझं अक्षर मात्र बघितलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दाजींनी तुला सांगितलं म्हणे, की प्रभानं मला वरसुद्धा बोलावलं नाही, पाण्याला विचारलं नाही. मांजरी परक्या माणसाला बुजते म्हणून म्हणाले होते, वर येऊ नका. त्यांना सांग, मनात काही नव्हतं.

आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या नणंदेनं विचारलं, "तुमच्या दाराला बाहेरून कुलूप असतं म्हणे?" हे कुणी पसरवलं देव जाणे. असतं. त्यात लपवायचं काय? कुलूप मीच मागितलं होतं, हे आधी ऐक.

दोन वर्षांमागची गोष्ट. शेवंता माजावर आली होती. सयामी मांजरी माजावर आली की काय ओरडते, तू ऐकलं नाहीस. तान्हं मूल टाकून दिल्यासारखी. खालच्या सुमनताई धावत वर आल्या होत्या, म्हणाल्या, "प्रभावती, कुणाचं पोर आहे गं?" मॅडमची ताकीद होती की माजाचे सात दिवस दाराची फट दिसता कामा नये, नाहीतर जात बिघडली. आणि मी ही अशी भोळी, कुणी कडी वाजवली की लगेच दार उघडणारी. दूधवाल्याला दार उघडलं आणि पायातून सटकली. गटारावरचा एक फुटक्या डोळ्याचा बोका होता, त्याच्याकडून व्हायची ती झाली. चार पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. ती कशीबशी लोकांच्या गळ्यात मारली, आणि वर्षाला एकच वेत म्हणून ते वर्ष फुकट गेलं.

पुढच्या खेपेला मीच यांना म्हणाले, "सात दिवस बाहेरून कुलूप घालून जात जा. माझा माझ्यावर भरवसा नाही." यांनी सुतार बोलावून बाहेरून कडी-कोयंडा बसवून घेतला. सात दिवस संपले. आठव्या दिवशीही घातलं. मी विचारलं, तर म्हणाले, "राहू दे गं. कामावर जिवाला निवांत वाटतं."

मला काही अडत नाही. नळ घरात, संडास घरात. भाजीवाला खाली आला की मी गॅलरीतून टोपली सोडते. हे पत्रसुद्धा टोपलीतूनच खाली जाईल आणि सुमनताई पेटीत टाकतील. त्या कोकणातल्या, पत्र बघितल्याशिवाय टाकायच्या नाहीत, म्हणून गोंदानं चिकटवलं आहे.

तुझ्या गवारीच्या शेंगा आल्या का या वर्षी?

प्रभा


२० ऑगस्ट १९७८

आक्का,

तीनही पिल्लं गेली. घर सुनं सुनं झालं आहे, आणि शेवंता एकेका कोपऱ्यात जाऊन हाक मारते.

पूर्वी पिल्लू द्यायच्या आधी मी घर बघायला जायची. एक जण चिंचवडचा, एक जण आकुर्डीचा. खिडक्यांना जाळ्या आहेत का, घरात कुत्रं आहे का, पोरं शेपूट ओढणारी आहेत का, सगळं बघायची. बाई घरात कशी बोलते तेसुद्धा बघायची. एकदा एका साहेबाला तोंडावर नाही म्हणाले होते. बंगला होता, पण बायको बोलायच्या आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिथलं मांजर सुखी राहायचं नाही, असं मला वाटलं. आता घरं बघायला हे जातात. येऊन म्हणतात, "चांगलं आहे, फ्रिज आहे." फ्रिज घेऊन मांजर काय करणार?

माझं घर कुणी असं बघितलं होतं का गं? मुलगा कंपनीत आहे, दारू पीत नाही, एवढं कळलं आणि बाबा पेढे घेऊन परतले. बाबांचं तरी काय चुकलं म्हणा. दारू नाही, शिवी नाही, हात उचलणं नाही. पगाराच्या दिवशी गजरा. मारलं असतं तर चार बायकांत सांगता तरी आलं असतं. हे सांगायला गेलं तर लोक म्हणतील, सुख बोचतंय हिला.

एकदा मी यांना म्हणाले, "एक किल्ली मला देऊन ठेवा." तर म्हणतात, "कुठं जायचंय? सांग ना, मी नेतो." आणि नेतातही. बाजाराला नेतात, विहारात नेतात. दोघं जातो, दोघं येतो. विहारात बायकांत बसले तरी अर्ध्या तासात हे दाराशी येऊन उभे. "निघायचं?" यावर भांडायचं कसं, हे मला अजून सापडलं नाही.

आता खरं लिहिते, कारण तू कार्डसुद्धा टाकेनाशी झालीस. बारा जूनला दाराला कुलूप होतं. हे पहिल्या पाळीला गेले होते, किल्ली त्यांच्या खिशात. मी येणार कशी होते? मला कोंडलं होतं आक्का, म्हणून आले नाही. मांजरीचं निमित्त सांगितलं, कारण दाजींपुढं हे कसं बोलायचं? नवरा कोंडून जातो म्हणायचं? त्यापेक्षा लोकांनी मला मांजरवेडी म्हटलेलं परवडलं.

आता तरी तुझा राग माझ्यावरून काढ. काढायचाच तर यांच्यावर काढ.

प्रभा


११ डिसेंबर १९७८

आक्का,

थोडंच लिहिते. शेवंता माजावर आली. मांजरीला बोक्याच्या घरी न्यायचं असतं, बोका येत नसतो. पुण्याला कॅम्पात एक म्हाताऱ्या पारशीणबाई आहेत, त्यांच्याकडे चांगल्या जातीचा सयामी बोका आहे. बदल्यात वेतातलं एक पिल्लू त्या निवडून घेतात. दर वेळी मी जायची. या वेळी शनिवारी हे एकटेच टोपली घेऊन गेले आणि तिला तिथं सोडून आले. चार दिवस ती तिथंच राहणार आहे.

आज सोमवार. सकाळी हे कामावर निघाले, दार ओढलं आणि कडी वाजली. मग कुलूप. मी चहाचा कप घेऊन उभी होते. मांजर घरात नाही, आणि कुलूप घातलं.

मी आतून म्हणाले, "अहो, शेवंता नाहीये घरात."

"माहीत आहे," म्हणाले, आणि जिना उतरले.

दिवसभर मी काही केलं नाही. भात टाकला तो लागला. ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती, आणि मला कळत होती, हेही तुला सांगते.

प्रभा


१६ फेब्रुवारी १९७९

आक्का,

कुलूप तुटलं. कसं ते सांगते आणि मग आणखी एक गोष्ट सांगते. पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

परवा बुधवारी हे पहिल्या पाळीला गेले आणि आठच्या सुमाराला शेवंता वेतायला बसली. एक पिल्लू झालं, दुसरं झालं, तिसऱ्याचं नुसतं शेपूट बाहेर. कळा देते, धापा टाकते, पिल्लू तसूभर सरकत नाही. वहीत लिहिलेलं आहे, अर्ध्या तासाच्या वर अडली तर डॉक्टरकडे न्या. तास होऊन गेला. तिनं माझ्या मनगटाला तोंड लावून ठेवलं होतं, चावत नव्हती, नुसतं धरलं होतं. पाळी सुटायला अजून सहा तास.

मी गॅलरीत गेले आणि ओरडले. काय ओरडले म्हणून सांगू! आपल्याकडे शेतात रानडुक्कर शिरलं की आई ओरडायची ना, तशी. "दार फोडा माझं! कुणीतरी दार फोडा!" सुमनताई सूप टाकून धावल्या. तळमजल्यावरचा भिवा सुतार, ज्यानं ती कडी बसवली होती तोच, पहार घेऊन वर आला. दाराबाहेरून म्हणतो, "वहिनी, जयसिंगभाऊ काय म्हणतील?"

"जयसिंगभाऊला मी बघते, तू घाव घाल!"

दोन घाव, आक्का. दोन वर्षांचं कुलूप दोन घावांत लाकडासकट उखडून आलं.

रिक्षानं गुरांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हशी-बैलांचे, त्यांचा पंजा माझ्या दोन पंजांएवढा. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बाई, माझी बोटं जायची नाहीत. तुमचा हात बारीक आहे, मी सांगतो तसं करा." कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. मी केलं. पिल्लू मेलेलं निघालं. शेवंता वाचली. दोन पिल्लं चांगली आहेत, पांढरी, उंदराएवढी.

साडेतीनची पाळी सुटून हे घरी आले. आधी मांजरीकडे बघितलं, मग दाराकडे. चिडले नाहीत. "बरं केलंस, वाचली," म्हणाले. चहा प्यायले, पायात चपला घातल्या आणि बाजारात गेले. आले ते नवी कडी घेऊन. जाड, बोटाएवढी, आणि कुलूप पहिल्याच्या दुप्पट. "ही निघायची नाही," म्हणाले, आणि पेचकस शोधायला लागले.

मी जाऊन उंबऱ्यात बसले.

"ऊठ प्रभा. उजेड आहे तोवर बसवून घेतो."

"नाही उठत."

"मांजरं किमती आहेत. उद्या परत सुटली तर?"

"मांजरं आत ठेवायची तर कडी आतूनही लागते. मी लावीन."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!" आणि मी पुन्हा ओरडले, सकाळसारखीच. "मी कोंडून राहायची नाही! ऐकलं का सगळ्यांनी? मी कोंडून राहायची नाही!" जिन्यावर दारं उघडली. सुमनताई आल्या, वरच्या विमलबाई आल्या, भिवा अर्ध्या जिन्यात उभा. तो काय म्हणाला माहीत आहे? "वहिनी, आम्हाला वाटायचं तुमचंच सांगणं आहे. कडी बसवताना तुम्हीच उभ्या होतात."

खरंच आहे त्याचं. मीच उभी होते.

यांनी स्क्रू खिशात टाकले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस बोललेले नाहीत. आज सकाळी जाताना दारात घुटमळले, मग तसेच गेले. उद्या काय होईल मला ठाऊक नाही. कडी उपटली म्हणून माणसाचा स्वभाव उपटत नाही, एवढी अक्कल मला आहे. मी अजून घाबरते. पण दार उघडं आहे, आणि मी चार वेळा खाली जाऊन आले, काही काम नसताना. एकदा नुसती मीठ आणायला. घरात मीठ होतं.

आता दुसरी गोष्ट.

बारा जूनला शेवंता अडली नव्हती. पिल्लं चार आठवड्यांची झाली होती, घरभर धुडगूस घालत होती. पहिल्या पत्रात तुला जे लिहिलं, तिसरं आडवं आलं, हातावर तेल घेतलं, ते सगळं रचलेलं. मागाहून तुला लिहिलं की मला कोंडलं होतं. कुलूप होतं ते खरं. पण त्या दिवशी खाली कोण उभं होतं? दाजी. सायकल घेऊन. मी एवढंच म्हणायचं होतं, "दाजी, कुलूप आहे, कंपनीच्या गेटवर जाऊन यांच्याकडून किल्ली आणा." अर्ध्या तासाचं काम. नाहीतर, "दगड घ्या आणि तोडा." ते मागं सरले नसते. आईसाठी त्यांनी दारही तोडलं असतं.

मी म्हणाले, वर येऊ नका. मांजरी बुजते म्हणून नव्हे. वर आले असते तर कुलूप दिसलं असतं. निघोज्यात समजलं असतं की प्रभाला नवरा कोंडून ठेवतो. कंपनीतला जावई, सतरंज्या अंथरणारा, आणि माझी अब्रू. दाजी वळले, सायकलवर बसले, आणि कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत मी गॅलरीत उभी होते. तेवढ्या वेळात कितीदा हाक मारता आली असती! तोंड उघडलं नाही. मांजरीसाठी गळा फाडून ओरडले, आक्का, आणि आईसाठी तोंड उघडलं नाही.

म्हणजे तू म्हणत होतीस ते खरंच होतं. मांजरीपायी नाही, पण मी टाकलंच तिला. यांचा दोष यांच्यापाशी. हा माझा आहे, आणि तो मी यांच्या पदरात घालून आठ महिने तुझी माया मागत होते. तुझा राग जात नव्हता तो योग्यच होता.

उद्या शनिवारी सकाळच्या गाडीनं मी एकटी येते आहे. पिल्लं तीन दिवसांची आहेत, पण सुमनताई बसतील त्यांच्याजवळ. त्यांना सगळं दाखवून ठेवलं आहे. यांना आज रात्री सांगेन. विचारणार नाही, सांगेन. हे पत्र भिवाचा भाऊ आज दुपारी निघोज्यावरून चाकणला चालला आहे त्याच्या हाती देते, म्हणजे माझ्याआधी पोचेल आणि घरात घ्यायचं की नाही हे ठरवायला तुला एक रात्र मिळेल. घेतलं नाहीस तर ओट्यावर बसेन.

आई शेवटी शुद्धीवर होती, एवढं मला कळलं आहे. तिनं मला विचारलं होतं का, आणि तू तिला काय सांगितलंस, हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. पत्रात विचारणार नाही. तुझ्यासमोर बसून विचारणार आहे.

प्रभा